यजमानाचे नाव सांगा!

सकाळी चहाच्या कपाबरोबर वर्तमानपत्र उघडणाऱ्या माणसाला शंभर प्रश्न पडतात. कांदा का चढला, पाऊस कोठे अडला, आपल्या आळीचे पाणी उद्या येणार की परवा! परंतु एक प्रश्न मात्र त्याला सहसा पडत नाही; तो म्हणजे, ही बातमी या पानावर आली कशी? बातमी पावसासारखी आपली आपण पडते, बातमीदार ती छत्री उलटी धरून गोळा करतो आणि संपादक ती आपल्या दारी पोचती करतो, अशी आपली एक भाबडी समजूत असते.

पुष्कळ बातम्या खरोखरच तशा येतात. भूकंप कोणाच्या सांगण्यावरून होत नाही, आणि विधानसभेतला गोंधळही, निदान प्रत्येक वेळी, आधी ठरवून होत नाही. परंतु अमक्या कारखान्याने खेड्यात विहीर खोदून दिली, तमक्या रुग्णालयात अवघड शस्त्रक्रिया यशस्वी झाली, एका अभिनेत्रीला स्वयंपाकाची फार आवड आहे, किंवा घर घेण्यास हीच योग्य वेळ आहे असे एका तज्ज्ञाचे मत पडले, या बातम्या आपोआप पडत नाहीत. त्या पाडाव्या लागतात. त्या पाडणारी माणसे असतात, त्यांच्या कचेऱ्या असतात आणि त्यांना दरमहा ठरलेले मानधन मिळते.

या धंद्याला आपल्याकडे ‘जनसंपर्क’ असे भारदस्त नाव आहे. मराठीचा अध्यापक या नात्याने मला त्या शब्दाची थोडी गंमत वाटते. कारण या संपर्कातले ‘जन’ म्हणजे बहुतेक वेळा वर्तमानपत्राच्या कचेरीत रात्री दहा वाजता मजकूर कापीत बसलेला एक थकलेला उपसंपादक असतो! धंद्यातली माणसे आपापसांत हा शब्द वापरीतही नाहीत. ती ‘पीआर’ म्हणतात; आणि प्रत्यक्ष कामाविषयी बोलताना तर त्यांचे मराठी फार रोखठोक असते. ‘बातमी लागली का?’ ‘दोन ठिकाणी लागली, तिसरीकडे उद्या लागते.’ भिंतीवर तसबीर लावावी तशी बातमी लावावयाची!

उपाध्याय आणि यजमान

कोणी विचारील, की एवढा खटाटोप करण्यापेक्षा सरळ जाहिरात का देऊ नये? त्याचे उत्तर लग्नाच्या बाजारात मिळते. ‘मी फार गुणी आहे’ असे मुलाने स्वतः सांगितले, तर मुलीकडची मंडळी गालात हसतात. तेच शेजारच्या काकूंनी ‘मुलगा हो गुणी!’ असे म्हटले, की पत्रिका बाहेर निघते. जाहिरात म्हणजे मुलाचे स्वतःचे बोलणे; बातमी म्हणजे काकूंचे. म्हणून काकूंना भाव आहे.

हे नाते मला घरच्या पूजेवरून अधिक चांगले समजते. पूजा सांगतो उपाध्याय आणि पुण्य लागते यजमानाला. दक्षिणा यजमान देतो, मंत्र उपाध्याय म्हणतो. जनसंपर्काचे काम करणारा मनुष्य असाच एक उपाध्याय आहे. ज्याला लोकांपुढे कसे बोलावे हे कळत नाही, त्याच्या वतीने तो नेमके, शुद्ध आणि वेळेवर बोलतो. यात निंद्य असे काही नाही. वकीलही तेच करतो.

मात्र पूजेच्या विधीत एक अट आहे. आरंभी संकल्प सोडताना यजमानाचे नाव आणि गोत्र उच्चारावे लागते. हे कर्म कोणासाठी चालले आहे, हे देवालाही सांगावे लागते. मग माणसांना सांगावयास नको काय? मला या लेखात जे म्हणावयाचे आहे ते एवढेच. बातमी लावण्याच्या विद्येत पाप नाही. पाप आहे ते यजमानाचे नाव गिळण्यात. परंतु हे पटवून देण्यासाठी आधी ती विद्या कशी चालते ते पाहू, आणि मग थोडा लांबचा प्रवास करू.

पंचाहत्तर वर्षे सगळ्यांनाच होतात

माझी एक जुनी विद्यार्थिनी पुण्यात अशाच एका कचेरीत काम करते. नावे सांगण्याच्या बाजूने लिहिलेल्या या लेखात तिचे नाव मी सांगत नाही. कारण ती यजमान नव्हे.

काही वर्षांपूर्वी आमच्या भागातल्या वाचनालयाला पंचाहत्तर वर्षे झाली. चिटणिसांनी प्रसिद्धिपत्रक लिहिले आणि सात वर्तमानपत्रांकडे पाठविले. ‘अमृतमहोत्सवानिमित्त माननीय अमुक यांच्या शुभहस्ते, माननीय तमुक यांच्या अध्यक्षतेखाली, मान्यवरांच्या प्रमुख उपस्थितीत दीपप्रज्वलनाने कार्यक्रम संपन्न होणार असून’ येथपर्यंत श्वास न घेता वाचले, तरी वाक्य निम्मेच झालेले असे ते पत्रक होते. सातांपैकी एकाने दोन ओळी छापल्या, सहांनी तेवढेही केले नाही. चिटणीस रागावले. वर्तमानपत्रांना वाचनसंस्कृतीची चाड राहिलेली नाही, असे त्यांनी सभेत सांगितले.

योगायोगाने त्याच आठवड्यात ही मुलगी घरी आली होती. मी ते पत्रक तिला दाखविले. तिने वाचले आणि म्हणाली,

“सर, रागावू नका; पण यात बातमी कोठे आहे?”

“अगं, पंचाहत्तर वर्षे झाली संस्थेला!”

“ती सगळ्यांनाच होतात, सर. टिकून राहिले की होतात.”

दुसऱ्या दिवशी दुपारी ती वाचनालयात जाऊन बसली आणि जुन्या वर्गणीच्या वह्या चाळू लागली. पहिल्या वर्षाच्या वहीत चार आणे वर्गणी भरणाऱ्या एका दहा वर्षांच्या मुलीचे नाव निघाले. तेच नाव चालू वर्षाच्या वहीतही होते! या आजी अजूनही दर गुरुवारी पुस्तक बदलावयास येतात, हे आम्हां सर्वांना ठाऊक होते. पण ती बातमी आहे, हे कोणालाच ठाऊक नव्हते.

मग तिने नवे पत्रक लिहिले. पहिल्याच वाक्यात आजी, चार आणे आणि पंचाहत्तर वर्षे. दुसऱ्या परिच्छेदात वाचनालयाची माहिती. उद्घाटक आणि अध्यक्ष सर्वांत शेवटी. आजींची परवानगी घेऊन त्यांचे आणि वहीच्या पानाचे छायाचित्र जोडले. पत्रक सातांकडे न पाठविता दोघांकडेच पाठविले. कारण पुस्तकांवर आणि शहरातल्या जुन्या गोष्टींवर कोण लिहितो, हे तिने आधी वाचून ठेवले होते. ते पाठविले तेही सकाळी, पान लावण्याच्या घाईच्या आधी. खाली स्पष्ट लिहिले: ‘वाचनालयातर्फे प्रसिद्धीसाठी’, आणि चिटणिसांचे नाव व दूरध्वनी क्रमांक.

“बातमीदाराला आपला समारंभ नको असतो, सर,” ती म्हणाली. “त्याला संध्याकाळच्या बैठकीत संपादकाला सांगता येईल असे एक वाक्य हवे असते. ते वाक्य आपण शोधून द्यायचे.”

त्या रविवारी पुरवणीत आजींचे छायाचित्र आले. वाचनालयात नवे वर्गणीदार आले आणि एका गृहस्थांनी दोन कपाटे दिली. चिटणिसांचा वर्तमानपत्रांवरचा राग गेला. मला मात्र एक धडा मिळाला. ज्याच्याजवळ सांगण्याजोगे काही आहे आणि सांगण्याची रीत नाही, अशा गरीब संस्थेला या विद्येची श्रीमंत कारखान्यापेक्षाही अधिक गरज असते.

या निमित्ताने माझ्या विषयाकडे थोडे वळतो. आपल्या प्रसिद्धिपत्रकांनी एक निराळेच मराठी जन्माला घातले आहे. त्यात कार्यक्रम ‘होत’ नाहीत, ‘संपन्न’ होतात. वस्तुतः संपन्न म्हणजे समृद्ध. त्यात कोणी ‘बोलत’ नाही, ‘प्रतिपादन’ करतो. प्रतिसाद नेहमी ‘उत्स्फूर्त’ असतो आणि टाळ्यांचा नेहमी ‘कडकडाट’च होतो. हे मराठी उपसंपादकाच्या डोळ्यांवरून पाणी निथळावे तसे निथळून जाते. साधे लिहिणे हा केवळ शैलीचा गुण नाही. या धंद्यात तो पोटापाण्याचा गुण आहे.

आणखी एक गंमत. यजमानाला हिशेब द्यावा लागतो. म्हणून पूर्वीपासून कात्रणे चिकटवून त्यांची उंची-रुंदी मोजावयाची आणि तेवढ्या जागेला जाहिरातीचा दर लावून ‘एवढ्या लाखांची प्रसिद्धी मिळवून दिली’ असे सांगावयाचे, अशी रीत पडली. २०१० साली बार्सिलोना येथे या क्षेत्रातल्या जाणकारांनी एकत्र येऊन जी तत्त्वे जाहीर केली, त्यांत, जाहिरातीच्या दरावरून काढलेला हा आकडा जनसंपर्काचे मोल ठरवू शकत नाही, असे स्वच्छ सांगितले. आमच्या आजींच्या छायाचित्राचे मोल कोणत्या दराने काढणार?

ज्याने नियम लिहिला त्याचीच गोष्ट

आता लांबचा प्रवास. ही विद्या आजच्या स्वरूपात वाढली ती अमेरिकेत, आणि तिच्या पहिल्या आचार्यांपैकी एक होता आयव्ही ली. १८७७ साली जन्मलेला, प्रिन्स्टनला शिकलेला आणि न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रांत बातमीदारी केलेला हा गृहस्थ. त्या काळी अमेरिकेतल्या रेल्वे आणि खाण कंपन्या म्हणजे मोठी संस्थानेच. बातमीदार आला की दार लावावयाचे, हे त्यांचे धोरण. दार लावले म्हणजे बातमीदार खिडकीतून पाहतो आणि जे दिसत नाही तेही लिहितो, हे त्यांच्या ध्यानी येत नव्हते.

१९०६ साली दगडी कोळशाच्या खाणींत तंटा पेटला, तेव्हा खाणमालकांनी लीला नेमले. त्याने संपादकांकडे एक निवेदन धाडले. जनसंपर्काच्या इतिहासात ते ‘तत्त्वांची घोषणा’ म्हणून प्रसिद्ध आहे. त्याचा आशय असा: आमची कचेरी गुप्त नाही, आमचे सर्व काम उघड्यावर चालते. आम्ही बातमी पुरवितो. आमचा मजकूर खरे म्हणजे जाहिरात खात्याकडे जावयास हवा असे आपणांस वाटले, तर तो वापरू नका. आमची माहिती अचूक असेल आणि ती पडताळून पाहणाऱ्या संपादकाला आम्ही आनंदाने साहाय्य करू.

वाचकहो, यजमानाचे नावगोत्र उच्चारणारा संकल्पच हा!

त्याच वर्षी २८ ऑक्टोबरला अटलांटिक सिटीजवळ एक आगगाडी पुलावरून पाण्यात कोसळली आणि पन्नासाहून अधिक माणसे दगावली. पेनसिल्व्हेनिया रेल्वेचे प्रसिद्धीचे काम तेव्हा लीकडे होते. अपघात झाला की तो झाकावा, ही कंपन्यांची जुनी सवय. लीने उलट केले. कंपनीच्या नावाने अपघाताची हकीकत लिहून त्याने बातमीदारांच्या हाती दिली आणि ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने ती छापली. जगातले पहिले प्रसिद्धिपत्रक ते हेच, असे पुष्कळ ग्रंथांत म्हटलेले आढळते. पहिले असो वा नसो. त्यामागचे गणित पक्के होते. वाईट बातमी आपल्याच तोंडून सांगितली, तर उद्या आपली चांगली बातमीही लोक खरी मानतात.

येथेच गोष्ट संपली असती, तर आयव्ही लीचे चित्र प्रत्येक जनसंपर्क कचेरीत टांगावे लागले असते. परंतु आठ वर्षांनी कोलोरॅडोतले लडलो प्रकरण उद्भवले. तेथील कोळसा खाणकामगारांचा संप चालू होता. कंपनीच्या घरांतून बाहेर काढलेली कामगारांची कुटुंबे माळावर तंबू ठोकून राहत होती. २० एप्रिल १९१४ रोजी त्या तंबूंवर सशस्त्र हल्ला झाला, तंबू पेटविले गेले आणि एका तंबूखालच्या खड्ड्यात आश्रयाला लपलेल्या दोन स्त्रिया व अकरा मुले गुदमरून मेली. खाणीत मोठा वाटा होता रॉकफेलर कुटुंबाचा. देशभर संताप उसळला. तेव्हा धाकट्या रॉकफेलरने बोलावले ते आयव्ही लीला.

लीने खाणमालकांची बाजू मांडणारी पत्रकांची मालिका काढली आणि ती देशभर वजनदार माणसांकडे पाठविली. पत्रके निघाली खाणमालकांच्या समितीच्या नावाने. लीचे नाव त्यांवर नव्हते आणि त्याचे वेतन कोणाकडून येते याचा उल्लेख नव्हता. कामगार पुढाऱ्यांच्या वेतनाचे त्यांत छापलेले आकडे चुकीचे निघाले. पुढे चौकशी आयोगापुढे प्रश्न आला, की ही माहिती तुम्ही पडताळून पाहिली होती काय? खाणमालकांनी दिली ती मी घेतली, असाच लीच्या उत्तराचा अर्थ होता. अचूकतेची हमी देणारा तो हाच! कादंबरीकार अप्टन सिंक्लेअरने त्याला ‘पॉयझन आयव्ही’ हे टोपणनाव ठेवले. ही एक वेल आहे. तिला हात लागला की अंगाला आग सुटते. आपल्या खाजकुइलीची थोरली बहीण म्हणा ना. १९३४ साली ली वारला, पण ते नाव अजून मेलेले नाही.

मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते. १९०६ चा ली आणि १९१४ चा ली यांच्या कौशल्यात काही फरक नव्हता. तीच लेखणी, तोच हुशार माणूस. संकल्पातले नाव तेवढे गळले, आणि उपाध्यायाचा मांत्रिक झाला.

स्वातंत्र्याच्या मशाली

लीच्या हातून जे घडले, ते त्याच्या पाठोपाठ आलेल्या एडवर्ड बर्नेज याने शास्त्र म्हणून मांडले. हा १८९१ साली व्हिएन्नात जन्मलेला आणि अमेरिकेत वाढलेला. प्रसिद्ध मानसशास्त्रज्ञ फ्रॉइड याचा भाचा. मामाने माणसाच्या मनाचे तळघर उघडले, भाच्याने त्यात दुकान थाटले!

अमेरिकन टोबॅको कंपनी ही त्याची यजमान. बायका रस्त्यावर सिगारेट ओढीत नाहीत, म्हणून निम्मे गिऱ्हाईक हातचे जाते, ही कंपनीची व्यथा. बर्नेजने एका मनोविश्लेषकाचा सल्ला घेतला आणि सिगारेट ही स्त्रियांच्या स्वातंत्र्याची मशाल आहे, अशी कल्पना उचलली. ३१ मार्च १९२९, ईस्टरचा रविवार. न्यूयॉर्कच्या फिफ्थ अॅव्हेन्यूवर नटूनथटून फिरणाऱ्यांची त्या दिवशी गर्दी असते. त्या गर्दीत काही तरुणींनी सिगारेटी पेटविल्या. त्यांत खुद्द बर्नेजची सेक्रेटरी होती. छायाचित्रकारांना वर्दी आधीच गेलेली होती. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत बातमी आली: स्त्रियांनी स्वातंत्र्याच्या मशाली पेटविल्या. मशालींना तेल कोणी घातले, ते मात्र बातमीत नव्हते.

एका दिवसात साऱ्या अमेरिकेतल्या बायका धूर सोडू लागल्या, असे कोणी म्हणणार नाही. परंतु स्त्रियांची खरी तळमळ, त्यांचा खरा लढा, एका कंपनीने न सांगता भाड्याने घेतला आणि वाचकाला ते कळले नाही. पुढे १९६० नंतरच्या दशकात याच बर्नेजने धूम्रपानाविरुद्धच्या प्रचाराला आपली बुद्धी दिली. तो १९९५ पर्यंत, म्हणजे एकशेतीन वर्षे जगला. पश्चात्तापाला वेळ पुष्कळ मिळाला. धूर मात्र तोवर फार दूर गेला होता.

आपल्या अंगणात

हे सर्व अमेरिकेतले उद्योग, आपला त्यांच्याशी काय संबंध, असे म्हणून सुटका नाही. बातमी लावण्याची कला आपल्याकडे कोणी विमानातून आणलेली नाही. दादासाहेब फाळक्यांचेच पाहा. ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांसाठी लागला ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कोरोनेशनमध्ये. पण त्याआधी २१ एप्रिलला ऑलिंपिया थिएटरात निवडक निमंत्रितांसाठी खेळ झाला आणि त्यांत वर्तमानपत्रांचे संपादकही होते. चित्र पाहा आणि वाटेल ते लिहा, असे ते उघड आमंत्रण. पुढे तीन आण्यांत सत्तावन्न हजार छायाचित्रे पाहावयास मिळतील, अशी जाहिरात करून गिऱ्हाईक खेचणारा हा कलावंत प्रसिद्धीचे मर्म पुरते जाणून होता. परंतु प्रत्येक ठिकाणी नाव फाळक्यांचे, आणि डोक्यावर कर्जही फाळक्यांचेच!

योगायोग असा, की २१ एप्रिल हीच तारीख आपल्याकडे ‘राष्ट्रीय जनसंपर्क दिन’ म्हणून पाळली जाते. पब्लिक रिलेशन्स सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था १९५८ साली स्थापन झाली आणि २१ एप्रिल १९६८ रोजी दिल्लीला भरलेल्या पहिल्या अखिल भारतीय परिषदेत तिने धंद्याची आचारसंहिता स्वीकारली, त्याची ही आठवण. म्हणजे नियम नाहीत असे नाही. नियम लीजवळही होते.

आणि मग आले २००९ साल. महाराष्ट्र विधानसभेच्या निवडणुकीच्या दिवसांत एकाच नेत्याची स्तुती करणारा एकच मजकूर, काना-मात्रा न बदलता, परस्परांशी स्पर्धा करणाऱ्या वर्तमानपत्रांत बातमी म्हणून छापला गेला. पत्रकार पी. साईनाथ यांनी ‘द हिंदू’मधून ही गोष्ट उघडकीस आणली. ‘पेड न्यूज’ हा शब्द तेव्हापासून घरोघर गेला. भारतीय वृत्तपत्र परिषदेने नेमलेल्या दोघांच्या उपसमितीने नावानिशी तपशील गोळा करून अहवाल लिहिला. परिषदेने २०१० साली प्रसिद्ध केला तो त्याहून पुष्कळ आखूड. मूळ अहवाल लोकांपुढे आला तो २०११ मध्ये, माहिती आयोगाच्या आदेशानंतर. नाव गिळणाऱ्यांविषयीच्या अहवालातलीही नावे गिळली गेली, हा त्यातला विनोद आहे. फक्त हसू येत नाही.

येथे एक भेद ध्यानात ठेवावा. माझी विद्यार्थिनी करते ते निराळे आणि पेड न्यूज निराळी. पहिल्या प्रकारात संपादक नाही म्हणू शकतो, पुष्कळदा म्हणतोही. दुसऱ्या प्रकारात त्याचा नकारच विकत घेतलेला असतो. पण या दोहोंच्या मध्ये एक धूसर पट्टा आहे, आणि सभ्य माणसे सापडतात ती तेथेच.

‘आपले घर’

तो पट्टा मी जवळून पाहिला आहे. गेल्या वर्षी पावसाळ्यात तीच विद्यार्थिनी पुन्हा आली. या वेळी तिचा यजमान होता एक बांधकाम व्यावसायिक. तिने माझ्यापुढे टंकलिखित लेख ठेवला. विषय ‘मराठी मनातले घर’. जात्यावरच्या ओव्यांतले माहेर, कोकणातले पडवीचे घर, चाळीतल्या दीड खोलीतला संसार, दारातली रांगोळी. लेख खरोखरच गोड होता. शेवटून दुसऱ्या परिच्छेदात तेवढे एक वाक्य होते, की अंगण, तुळस आणि झोपाळा यांचा विचार करणारी संकुले आता शहराच्या अमुक बाजूला उभी राहत आहेत. व्यावसायिकाचे नाव कोठेही नव्हते. त्या बाजूला तसे संकुल मात्र एकच होते.

“सर, तुमच्या नावाने जाईल. मानधन उत्तम आहे. आणि यात खोटे एक अक्षर नाही,” ती म्हणाली.

ते खरे होते. म्हणूनच उत्तर द्यावयास मला वेळ लागला. मी म्हटले, “अगं, मी सही करतो, पण शेवटी एक ओळ घालू. हा लेख अमुक बांधकाम संस्थेच्या साहाय्याने लिहिलेला आहे, अशी.”

ती हसली. “मग तुमचे नाव कशाला हवे, सर? मग ती जाहिरातच झाली.”

माझ्या वीस वर्षांच्या अध्यापनात कोणी विद्यार्थ्याने इतके अचूक उत्तर दिलेले मला आठवत नाही! तिने ती ओळ यजमानाला विचारून पाहिली. यजमानाने मोडता घातला. पंधरा दिवसांनी तोच लेख दुसऱ्या एका नावाने छापून आला. मी तो वर्गातल्या मुलांना दाखविणार होतो, इतका चांगला लेख होता. पण दाखविला नाही. आमच्या ओव्या, आमची तुळस, आमच्या आजीचे जाते, हे सर्व कोणाच्या तरी चौरस फुटांच्या दरात मिसळून आमच्याच पुढे वाढले गेले होते, आणि पानात काय वाढले आहे हे जेवणाऱ्याला सांगितलेले नव्हते.

तिच्यावर मी रागावलो नाही, आणि तीही माझ्यावर रागावली नाही. ती अजून येते. वाचनालयाचे पत्रक अजूनही फुकट लिहून देते. तिच्या हातात विद्या आहे; संकल्प सोडताना नाव घ्यावयाचे की नाही, हे तिच्या हातात पुरते नाही, आणि ते तिलाही बोचते. परवा म्हणाली, “सर, आता भ्रमणध्वनीवर चित्रफिती करणाऱ्या मंडळींनासुद्धा ‘जाहिरात’ असे लिहावे लागते.” ते खरे आहे. जाहिरातींच्या सचोटीवर लक्ष ठेवणाऱ्या मुंबईच्या परिषदेने २०२१ साली तसे नियम केले. साबण हातात धरून नाचणाऱ्या मुलीने नाव सांगावे आणि प्राध्यापकाने सांगू नये, हे काही आम्हां मास्तर मंडळींना शोभणार नाही.

वाचकाने काय करावे?

वर्तमानपत्र वाचणे सोडू नये. प्रत्येक बातमीकडे चोर म्हणून पाहू नये. त्याने जगणे कडू होते आणि खरी बातमीही मरते. मात्र काही खुणा ओळखाव्यात. ज्या बातमीत दुसरी बाजूच नाही, ज्या लेखात तज्ज्ञाचे नाव आहे पण तो कोणाकडे चाकरीला आहे ते नाही, जी पाहणी कोणी केली, किती लोकांची केली आणि कोणाच्या खर्चाने केली याचा पत्ता नाही, जो मजकूर दोन वर्तमानपत्रांत शब्दशः एकच आहे, तेथे क्षणभर थांबावे आणि मनाशी विचारावे: या पूजेचा यजमान कोण?

उत्तर मिळाले तर खुशाल वाचावे. यजमानाचे नाव कळले, की त्याची स्तुती किती खरी मानावयाची हे आपले आपल्याला ठरविता येते. तेवढी अक्कल मराठी वाचकाला नक्कीच आहे.

दिवाळी अंक जाहिरातींवर जगतो, हे उघड गुपित आहे. प्रस्तुत अंकातही त्या असतील. अत्तरे असतील, दागिने असतील, बँका असतील, कदाचित एखादे गृहसंकुलही असेल, झोपाळ्यासकट. त्यांवर त्यांच्या धन्यांची नावे ठळक अक्षरांत छापलेली असतील. त्या जाहिराती आपण निर्धास्तपणे वाचा आणि आवडले तर ते अत्तर घ्याही. मात्र या लेखाचा यजमान कोण, असे कोणी विचारील, तर उत्तर तयार आहे: हा लेख मी माझ्याच बुद्धीने लिहिला, आणि याचे मानधन संपादक देणार आहेत. ते नेहमीप्रमाणे दिवाळीनंतर!